विद्यार्थिसभा आणि वर्ज्य विषय

८ फेब्रुवारी १८४३ रोजी कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजच्या इमारतीत एका निबंधाचे वाचन चालू होते. वाचणारे दक्षिणारंजन मुखर्जी, अध्यक्षस्थानी ताराचंद चक्रवर्ती. सभेच्या इंग्रजी नावाचा मराठी अर्थ करावयाचा तर 'सामान्यज्ञानसंपादक सभा' असा होईल. १८३८ मध्ये ती निघाली तेव्हा तिचे हे निरुपद्रवी नाव पाहून कोणाला चिंता वाटली असेल असे वाटत नाही. परंतु त्या दिवशीच्या निबंधाचा विषय बंगाल इलाख्यातील कंपनी सरकारची फौजदारी न्यायालये आणि पोलीस यांची सद्यःस्थिती हा होता. वाचन बरेच पुढे गेल्यावर श्रोत्यांत बसलेले कॉलेजचे प्रिन्सिपॉल कॅप्टन डी. एल. रिचर्डसन उठले. हे कॉलेज राजद्रोहाचा अड्डा होऊ देणे आपल्याला शक्य नाही, अशा आशयाचे काही ते बोलले. अध्यक्षांनी त्यांना शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत बजावले की आपण येथे केवळ श्रोते म्हणून उपस्थित आहात, सभेच्या सभासदाला मध्येच अडविण्याचा आपल्याला अधिकार नाही. बोललेले शब्द परत न घेतल्यास हे प्रकरण कॉलेजच्या समितीकडे आणि वेळ पडल्यास सरकारकडे जाईल. पुढे सभेने आपले बिऱ्हाड कॉलेजातून हलविले. निबंध यथावकाश वर्तमानपत्रात छापून आला आणि या मंडळींना 'चक्रवर्ती फॅक्शन' असे उपहासात्मक नाव मिळाले.

ही हकीकत बंगाली प्रबोधनाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तरुणांच्या बाणेदारपणाचा दाखला म्हणून ती सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र प्रस्तुत लेखकाचे लक्ष तिच्यातील दुसऱ्याच गोष्टीकडे वेधले जाते. रिचर्डसन हे कोणी अरसिक लष्करी अधिकारी नव्हते. ते स्वतः कवी होते. शेक्सपिअर शिकविण्यात त्यांचा हातखंडा होता. मायकेल मधुसूदन दत्तांसारखा शिष्य त्यांच्या वर्गात घडला. (सभेतील या चकमकीच्या दुसऱ्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला, मधुसूदनांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. एकाच कॉलेजच्या भिंतींना दोन दिवसांत राजकारण आणि धर्म या दोन्ही बाजूंनी हादरे बसावेत, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.) ज्या 'कलकत्ता लिटररी गॅझेट'च्या संपादनाशी रिचर्डसन यांचे नाव जोडलेले आहे, त्याच पत्रात १८३५ साली हिंदू कॉलेजच्याच कैलासचंद्र दत्त नावाच्या विद्यार्थ्याची एक कथा प्रसिद्ध झाली होती. १९४५ सालातील अठ्ठेचाळीस तासांची रोजनिशी असे तिचे स्वरूप. भुवनमोहन नावाचा इंग्रजी शिकलेला तरुण इंग्रजी राज्याविरुद्ध सशस्त्र उठाव करतो आणि अखेर शिरच्छेदाला सामोरा जातो, अशी ती कल्पना. सशस्त्र बंडाची ही कथा निर्वेध छापली गेली, आणि पोलिसांच्या लाचखाऊपणाचा सप्रमाण निबंध मात्र अर्ध्यावर अडविला गेला. कल्पितात बंड चालते, निबंधात गाऱ्हाणे चालत नाही, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. निबंध हा सभेत, सर्वांसमक्ष, स्वतःच्या नावाने वाचला जातो. त्याला कल्पिताचा आडोसा नसतो.

विद्यार्थ्यांनी चालू राजकीय-सामाजिक प्रश्नांची चर्चा करावी की नाही, हा वाद आपल्याकडे दर पिढीत नव्याने उद्भवल्यासारखा वाटतो. १९०५ च्या वंगभंगविरोधी चळवळीत बंगाल सरकारने काढलेले कार्लाइल परिपत्रक, त्यानंतर १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारने काढलेले रिस्ले परिपत्रक, ही त्याची ठळक उदाहरणे होत. या दोन्हींतील युक्तिवाद रिचर्डसनच्या त्या एका वाक्यात बीजरूपाने आलेला आहे, आणि त्यावर फारशी भर कोणी घातलेली नाही. म्हणून बंदी घालणाऱ्यांच्या युक्तिवादापेक्षा बंदीच्या परिणामांचा मागोवा घेणे अधिक उद्बोधक ठरावे. सभेच्या नियमाने जे विषय दाराबाहेर ठेवले ते कोठे गेले? आणि जे आत राहिले त्यांना कोणते रूप आले? माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या भाषांतील निबंधाची घडण, आणि त्याहीपेक्षा 'सामाजिक' व 'राजकीय' या दोन शब्दांमध्ये आपण मारलेली भिंत, या दोन्हींचा उगम विद्यार्थिसभांच्या नियमावलीत शोधावा लागतो.

कलकत्त्याची परंपरा या बाबतीत प्रथम मोकळी होती. हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ या विशीही न गाठलेल्या शिक्षकाभोवती १८२८ च्या सुमारास जी अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन जमली, तिच्यात दैव आणि पुरुषार्थ, ईश्वराचे अस्तित्व, मूर्तिपूजा, पुरोहितवर्ग, देशप्रेम, असा कोणताच विषय निषिद्ध नव्हता. त्याचे प्रायश्चित्तही लवकरच मिळाले. भयभीत पालकांच्या दडपणाखाली १८३१ च्या एप्रिलमध्ये डिरोझिओंना कॉलेज सोडावे लागले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी पटकीने त्यांचा अंत झाला. कृष्णमोहन बॅनर्जी, रसिककृष्ण मल्लिक, रामगोपाळ घोष, प्यारीचंद मित्र ही त्यांच्या छायेत वाढलेली मंडळी पुढे बंगालच्या सार्वजनिक जीवनात सर्वत्र दिसतात. दक्षिणारंजन त्यांतलेच. १८४३ मध्ये ते काही कोवळे विद्यार्थी राहिले नव्हते. परंतु त्या काळी 'विद्यार्थी' ही संज्ञा कॉलेज सोडल्यावरही बरीच वर्षे माणसाला चिकटून असे, आणि या सभा आजी-माजी विद्यार्थी व शिक्षक यांच्या संमिश्र असत. विद्यापीठे तर निघायचीच होती. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ ची. म्हणजे आपल्या देशात विद्यार्थिसभा आधी आणि विद्यापीठ नंतर, असा क्रम आहे.

मुंबईकरांनी मात्र कलकत्त्याच्या अनुभवावरून शहाणपण घेतले म्हणा, किंवा त्यांच्या व्यवहारी स्वभावाला ते धरून होते म्हणा, आरंभीच दाराला कडी घातली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये जून १८४८ मध्ये जी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या नियमांत धर्म आणि राजकारण हे दोन विषय वर्ज्य ठरविलेले होते. प्रोफेसर पॅटन यांचे प्रोत्साहन, दादाभाई नौरोजींसारख्या तरुण शिक्षकांचा उत्साह आणि एल्फिन्स्टनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा मेळा, असे तिचे स्वरूप होते. तिला मराठी आणि गुजराती अशा दोन शाखा फुटल्या. मराठी शाखा ती ज्ञानप्रसारक सभा. 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक १८५० पासून १८६७ पर्यंत याच सभेच्या आश्रयाने चालले. शाखांनीही मूळ सोसायटीचे कुंपण मान्य केले होते.

हे कुंपण केवळ भित्रेपणाचे द्योतक नव्हते, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मुंबईत धर्म हा विषय त्या दशकात ज्वालाग्राही बनला होता. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर सारा पारशी समाज खवळून उठला आणि शाळा जवळजवळ ओस पडली. पुढे १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला शुद्ध करून परत घेण्यावरून मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात केवढे रण माजले, आणि त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी केवढा मनस्ताप सोसला, हे सर्वश्रुत आहे. हिंदू, पारशी आणि मुसलमान मुले एकाच बाकावर बसावीत, शेटसावकारांनी वर्गणी द्यावी, आणि पालकांनी मुलगा संध्याकाळी सभेला गेला म्हणून घाबरू नये, एवढे साधायचे तर हा नियम अपरिहार्यच होता. एकत्र येण्याची किंमत म्हणून तो पत्करलेला होता. आता ती किंमत काय पडली ते पाहावयाचे.

राजकारणाला वाट आधीच सापडलेली होती. १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रात 'एक हिंदू' अशा सहीने आठ पत्रे आली. इंग्रजांनी हा देश कसा मिळविला, येथील संपत्ती कशी बाहेर चालली आहे, कारागीर कसे बुडाले, याची इतकी धारदार मांडणी त्यांत होती की आजचा वाचकही चकित व्हावा. ही सही भास्कर पांडुरंग तर्खडकर या एल्फिन्स्टनच्याच विद्यार्थ्याची. दादाभाईंनी पुढे ज्या आर्थिक अपहाराचे शास्त्र उभे केले, त्याची पहिली कैफियत एका पंचविशीतल्या तरुणाने नाव झाकून दिली होती. नाव झाकून, हे येथे महत्त्वाचे. लोकहितवादींनी 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून लिहिलेली पत्रेही टोपणनावानेच निघाली. सभेत जे बोलता येत नाही ते वर्तमानपत्रात, आणि तेथेही मुखवटा घालून, अशी ही वाटणी झाली.

धर्माची वाट अधिक अंधारी निघाली. १८४९ मध्ये स्थापन झालेली परमहंससभा ही दादोबा पांडुरंग, त्यांचे बंधू आत्माराम आणि इंग्रजी शिकलेल्या अनेक तरुणांची गुप्त मंडळी. तेथे दारे लावून प्रार्थना होत, जातिभेद मोडल्याची खूण म्हणून परजातीच्या हातचे अन्नपाणी घेतले जाई. सुमारे १८६० मध्ये सभासदांच्या नावांची यादी बाहेर पडली आणि ही सभा विरून गेली. दिवसा ज्ञानप्रसारक सभेत उद्भिज्जशास्त्रावर निबंध ऐकणारी आणि रात्री बंद दाराआड पाव खाऊन जातीचे बंधन झुगारणारी माणसे बऱ्याच अंशी तीच होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पिढीच्या मनाची दुफळी समजू लागते. तिला ढोंग म्हणणे मला कठोरपणाचे वाटते. ज्या प्रश्नाला उजेडात बसायला जागा नव्हती, तो अंधारात जाऊन बसला.

दोन्ही विषय असे बाहेर गेल्यावर सभेच्या दालनात काय उरले? पदार्थविज्ञान, इतिहास, व्यापार आणि लोकांच्या चालीरीती. यांतील शेवटचा विषय मोठा विलक्षण. तो नियमाच्या दृष्टीने धर्मात मोडत नव्हता आणि राजकारणात तर नव्हताच. परंतु पायाखाली सुरुंग पेरावेत तसे हे दोन्ही त्याच्या तळाशी होतेच. १८४९ मध्ये गुजराती शाखेत बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. श्रोत्यांनी पसंतीचे उद्गार काढले. पॅटन यांनी विचारले की हे इतके पटले असेल, तर प्रारंभ करण्यास कोणाची वाट पाहता? त्याच वर्षी या तरुणांनी वर्गणीची वाट न पाहता, स्वतः शिक्षक बनून, मुलींच्या शाळा उघडल्या. आरंभीच्या नोंदीप्रमाणे ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली त्यांत होत्या. सकाळी कॉलेजची वेळ होण्यापूर्वी जाऊन ही मुले फुकट शिकवीत. दादाभाईंनी घरोघर हिंडून पालकांची मनधरणी केली आणि कित्येक दारांतून अपशब्दही ऐकले. हिंदू मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी आधार दिला. पुढे कामा कुटुंबासारख्या धनिकांनी भार उचलला, तेव्हा शाळांना स्थैर्य आले.

नियमाचे यश येथे दिसते आणि त्याची मर्यादाही येथेच दिसते. निबंधाचे कृतीत रूपांतर होण्यास एवढा थोडा वेळ लागल्याचे उदाहरण आपल्या साहित्याच्या इतिहासात विरळा. पण हे घडले ते एका तिसऱ्या दालनात. धर्म आणि राजकारण यांच्या मध्ये, दोघांनाही न बोलावता, 'सुधारणा' नावाची जी जागा तयार झाली तिला पुढे आपण 'सामाजिक' म्हणू लागलो. मुलीने शिकावे की नाही हा प्रश्न घरातल्या भटजींच्या दृष्टीने धार्मिक होता; तिच्या शाळेला खजिन्यातून पैसा मिळावा की नाही हा उघडउघड राजकीय होता. नियमाने त्याची दोन्ही टोके कापली आणि मधला तुकडा हाती दिला. तो तुकडाच संपूर्ण प्रश्न आहे, असे हळूहळू आपल्या अंगवळणी पडले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे निबंधाच्या रूपाकडे वळावे लागते. 'मराठी ज्ञानप्रसारक'मधील लेखन वाचताना एक गोष्ट चटकन जाणवते. ते वाचण्यासाठी लिहिलेले नाही, वाचून दाखविण्यासाठी लिहिलेले आहे. 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या ग्रंथाने अजरामर झालेले गोविंद नारायण माडगांवकर यांचे अनेक निबंध या सभेत वाचले गेले. त्यांची वाक्ये ऐकणाऱ्याला विसावा देत चालतात. एक मुद्दा झाला की दृष्टान्त येतो. कोणाच्या भावना दुखावतील अशी शंका येताच लेखक एक पाऊल मागे घेतो. त्यांच्यासमोर अध्यक्ष बसलेला असतो आणि प्रतिपक्ष मात्र नसतो. मराठी निबंधाच्या आरंभीच्या सौजन्याचे, त्याच्या बोधपर सुराचे आणि त्याच्या वादविन्मुखतेचे रहस्य या बैठकीच्या रचनेत आहे, असे मला वाटते. आपल्या समीक्षेने त्याचे श्रेय वा दोष बव्हंशी बेकन-अ‍ॅडिसन यांच्या अनुकरणाकडे दिला आहे. परंतु ज्यांनी अ‍ॅडिसन पाठ केला त्यांनाच तो उपरोध का साधला नाही, याचा उलगडा अनुकरणाच्या सिद्धान्ताने होत नाही. उपरोधाला वर्ज्य विषय लागतात.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि हे सारे पालटले. मालेचा निबंध कोणत्याही सभेत वाचलेला नाही. त्यात अध्यक्ष नाही, वर्गणीदार शेट नाही, श्रोत्यांतून उठणारा प्रिन्सिपॉल नाही. म्हणूनच त्यात प्रतिपक्ष आला, त्याची टर आली, धर्म आला आणि राजकारणही आले. चिपळूणकरांच्या मतांविषयी, विशेषतः जोतीराव फुले यांच्यावरील त्यांच्या टीकेविषयी, कोणाला काहीही वाटो. पण मराठी निबंधाला त्यांनी दालनाबाहेर काढले हे नाकारता येत नाही. त्याची किंमत मालेलाही द्यावी लागली. 'आमच्या देशाची स्थिती' हा तिच्या अखेरच्या काळातला निबंध १९१० मध्ये सरकारजमा झाला आणि १९३७ पर्यंत बंदीतच राहिला.

परंतु दालनाबाहेरचा पहिला विद्यार्थिनिबंध चिपळूणकरांच्याही आधीचा आहे, आणि तो कॉलेजातून आलेला नाही. पुण्यात फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. या मुलीचे शिक्षण झाले होते जेमतेम तीन वर्षांचे. तिला कोणत्याही सोसायटीचे नियम ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्यामुळे तिच्या लिखाणात धर्म, राज्य आणि समाज हे वेगवेगळ्या खणांत ठेवलेले नाहीत. ज्या धर्माचे ग्रंथ वाचण्याचा आम्हांला अधिकार नाही तो धर्म आमचा कसा, हा तिचा प्रश्न आहे. इमारतींच्या पायात तिच्या जातीच्या माणसांना शेंदूर-तेल पाजून पुरल्याचा ती उल्लेख करते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यावरून जाणाऱ्या महार-मांगाचे शिर तोडले जाई, हे सांगते. तिच्या बायका उघड्यावर बाळंत होतात तेव्हा त्यांना थंडीवाऱ्यात काय सोसावे लागते, तेही सांगते. एका परिच्छेदात धर्मशास्त्र, दुसऱ्यात राज्ययंत्र, तिसऱ्यात बाळंतिणीचे अंग. आणि हे सारे एकच दुःख आहे, हे तिला पटवून द्यावे लागत नाही. ते तिच्या मांडणीतूनच उमगते. 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचे पत्र, हा निबंध छापण्यात त्यांचा स्वतःचा हेतू होता, हे खरे. पण त्याने निबंधाचे वजन कमी होत नाही. आमच्या वाङ्मयेतिहासांनी निबंधाच्या प्रकरणात या मुलीला फार काळ जागाच दिली नाही. तिची आठवण पुढे झाली ती समाजसुधारणेच्या प्रकरणात. म्हणजे पुन्हा तीच भिंत.

मुक्ताच्या निबंधाशेजारी दुसरा एक विद्यार्थिनिबंध ठेवून पाहावा. त्यानंतर फार वर्षे लोटली नव्हती. महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना त्यांनी मराठ्यांचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची तुलना करणारा निबंध लिहिला व तीत मराठ्यांकडे माप झुकते ठेवले. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. जे सरकार तुला शिकविते त्याची निंदा करू नये, असा ग्रँट यांचा उपदेश होता. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांत रानडे होते. त्यांच्याबरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या निबंधाचे खरे उत्तर रानड्यांनी १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात दिले. म्हणजे अडवलेला निबंध पुरा व्हायला चाळीस वर्षे लागली. एकाच शहरातल्या सत्तेविषयी एका विद्यार्थिनीने भयाने लिहिले आणि एका विद्यार्थ्याने अभिमानाने. या दोन निबंधांची एका सभेत समोरासमोर गाठ पडली असती, तर मराठीतील राजकीय विचाराला आरंभीच केवढी खोली आली असती! पण एकाच्या सभेत राजकारण वर्ज्य होते आणि दुसरीला सभेच्या दारापर्यंत येण्याचीच सोय नव्हती. मुंबई विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना उघडले तेच १८८३ मध्ये.

डेक्कन कॉलेजात शिकलेल्या टिळक-आगरकरांची मैत्री आणि त्यांचे टेकड्यांवरचे वाद यांविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे थोडक्यातच आटोपावे. १८७९ च्या सुमारास हे दोन तरुण रात्र रात्र बोलत बसत, आणि तेथे कोणताच नियम नव्हता. सभा नव्हती, अध्यक्ष नव्हता, म्हणून सगळे विषय एकाच वेळी पटावर असत. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, तेव्हाही त्यांचे वाद इतके रंगत की पहारेकऱ्यांना दटावावे लागे, असे आठवणींत येते. तोपर्यंत आधी राजकीय की आधी सामाजिक हा त्यांच्यातला मतभेद होता, दुरावा नव्हता. तो दुरावा झाला ते या प्रश्नांना संस्था, वर्तमानपत्रे आणि व्यासपीठे मिळाल्यावर. १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ मध्ये 'सुधारक' निघाला. ज्या दोन विषयांवर एका टेकडीवर बसून बोलता येत होते, त्यांना आता दोन वर्तमानपत्रे लागू लागली.

आणि येथे दादाभाईंकडे पुन्हा यावे लागते. राजकारण वर्ज्य मानणाऱ्या सोसायटीत ज्यांचे सार्वजनिक जीवन सुरू झाले, तेच दादाभाई १८८६ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्या भाषणात सामाजिक सुधारणेविषयी जो भाग आहे तो पाहावा. सुधारणेची आवश्यकता त्यांना पूर्ण मान्य आहे. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी स्वतः उंबरठे झिजविलेले आहेत. परंतु ही सभा राजकीय आहे, येथे सर्व धर्मांचे आणि जातींचे लोक एकत्र आले आहेत, तेव्हा ज्यावर सर्वांचे एकमत नाही असे सामाजिक प्रश्न येथे आणता येणार नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. युक्तिवाद अक्षरशः १८४८ चाच आहे, फक्त वर्ज्य विषय उलटला आहे. तेव्हा एकत्र बसण्यासाठी राजकारण बाहेर ठेवले, आता एकत्र बसण्यासाठी समाज बाहेर ठेवला. दादाभाईंची तडजोड मी समजू शकतो. त्यांच्या जागी दुसरा कोणी वेगळे करू शकला असता असेही वाटत नाही. पण विद्यार्थिदशेतला नियम माणसाला किती खोलवर वळण लावतो याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

काँग्रेसच्या दाराबाहेर राहिलेल्या विषयांसाठी रानड्यांनी १८८७ पासून सामाजिक परिषद भरविली. काँग्रेसचे अधिवेशन संपले की त्याच मंडपात परिषद भरावी, असा परिपाठ पडला. भिंत होती, पण मंडप एक होता. १८९५ मध्ये अधिवेशन पुण्यात भरायचे ठरले, तेव्हा टिळकपक्षाने हा परिपाठ मोडण्याचा आग्रह धरला. काँग्रेसच्या मंडपात परिषद होता कामा नये यावरून पुण्यात मोठे काहूर माजले. मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत मजल गेली. रानड्यांनी माघार घेतली. परिषदेसाठी निराळा मंडप घालावा लागला, आणि तो घातला गेला फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात. १८४३ मध्ये राजकीय निबंधाला कॉलेजातून निघावे लागले होते; बावन्न वर्षांनी राजकीय मंडपातून निघालेल्या सामाजिक प्रश्नांना कॉलेजच्या पटांगणात आसरा मिळाला. त्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल गोपाळ गणेश आगरकर हे त्याच वर्षी १७ जूनला वारले होते.